कुस्तीची तालीम आणि मुलांच्या सवयी

कुस्तीची तालीम ही महाराष्ट्रातील मल्लविद्येचे पारंपरिक शिक्षण देणारी संस्था होय. लहान वयात तालमीत येऊ लागलेल्या मुलांना डावपेचांबरोबरच वेळ पाळणे, शरीराची निगा राखणे, राग आवरणे, पराभव पचवणे आणि सामुदायिक श्रमात वाटा उचलणे या सवयी लागतात, असे या परंपरेत मानले जाते. या सवयींमागे उपदेशाचा वाटा थोडा असतो. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, मोठ्यांच्या देखत रोज केल्या जाणाऱ्या त्याच त्या कृतींतून त्या घडतात. मात्र नुसत्या मातीत उतरल्याने त्या आपोआप लागत नाहीत. युद्धकलांच्या प्रशिक्षणाचा मुलांच्या वर्तनावर होणारा परिणाम तपासणाऱ्या संशोधनात अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन्ही निष्कर्ष आढळतात. प्रशिक्षण कोण देतो आणि कसे देतो, यावर बरेच काही अवलंबून असते.

शब्दाचा उगम

‘तालीम’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ ‘शिक्षण’ असा आहे. मराठीत तो व्यायामशाळा व कुस्तीचा आखाडा या अर्थी रूढ झाला. नाटकाच्या सरावालाही मराठीत तालीमच म्हणतात. शिक्षण, व्यायामाची जागा आणि पुनःपुन्हा केलेला सराव हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात सामावलेले आहेत. तालमीतील शिक्षकाला ‘वस्ताद’ म्हणतात. हा शब्द फारसी ‘उस्ताद’वरून आला आहे. शिकणाऱ्याला ‘पठ्ठा’, तर कुस्ती खेळणाऱ्याला ‘पैलवान’ किंवा ‘मल्ल’ म्हटले जाते. मातीच्या आखाड्याला कोल्हापूरच्या परिसरात ‘हौदा’ असेही नाव आहे.

पार्श्वभूमी

दख्खनमध्ये मल्लविद्येची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांची प्रतवारी, त्यांचा व्यायाम आणि आहार यांचे वर्णन येते. गुजरातमधील ज्येष्ठीमल्लांशी संबंधित ‘मल्लपुराण’ या ग्रंथातही व्यायामाचे प्रकार आणि पथ्ये सांगितली आहेत. मल्लाचे शिक्षण म्हणजे केवळ लढत नसून दिनचर्या, आहार आणि विश्रांती यांची एकत्र घडी होय, ही समजूत या दोन्ही ग्रंथांत दिसते.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली. आजही महाराष्ट्रातील बहुतेक तालमींत हौद्याच्या कडेला मारुतीची मूर्ती किंवा तसबीर असते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी कुस्तीला मोठा राजाश्रय दिला. त्यांच्या कारकिर्दीत, १९१२ मध्ये, कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. मोतीबाग व गंगावेस यांसारख्या तालमींमुळे हे शहर कुस्तीची पंढरी म्हणून ओळखले जाऊ लागले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शारीरिक शिक्षणाच्या संस्थात्मक चळवळीने जोर धरला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) या संस्थांनी देशी व्यायामाला शालेय वयातील मुलांपर्यंत नेले. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त या ज्ञानाचे विस्तृत संकलन झाले. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव (१९२६–१९८४) यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्यापूर्वी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, ते सहावे आले होते. पैलवानाच्या घरात वाढलेल्या खाशाबांचे उदाहरण तालमींत मुलांना आजही सांगितले जाते.

तालमीची रचना आणि दिनक्रम

पारंपरिक तालमीचा मध्यभाग म्हणजे हौदा. त्यासाठी लाल माती चाळून घेतात आणि तीत हळद, ताक, तेल, लिंबाचा रस, कापूर असे पदार्थ मिसळतात. तुडवून घट्ट झालेली माती नियमितपणे फावड्याने उकरून भुसभुशीत करावी लागते. हे काम पैलवान स्वतः करतात आणि लहान मुलांनाही आपल्या ताकदीनुसार त्यात हात लावावा लागतो. हौद्याभोवती जोर-बैठका काढण्याची जागा, मल्लखांब, दोर, मुद्गल आणि जोड्या अशी साधने असतात.

दिनक्रम प्रत्येक तालमीत थोडा वेगळा असला, तरी त्याचे टप्पे साधारण सारखे असतात. मूल पादत्राणे बाहेर काढून आत येते, मारुतीला आणि वस्तादांना नमस्कार करते, लंगोट लावते, हौद्यात उतरताना माती कपाळाला लावते. त्यानंतर अंग गरम करणे, जोर, बैठका, सपाटे यांसारखी ‘मेहनत’ होते. डावांचा सराव आणि प्रत्यक्ष लढत हा पुढचा टप्पा. शेवटी अंगाला लागलेली माती झाडून, घाम निवल्यावर आंघोळ केली जाते. काही तालमींत मेहनत आणि लढत सकाळ-संध्याकाळ अशी विभागलेली असते. शाळेत जाणारी मुले बहुधा पहाटे किंवा शाळा सुटल्यावर येतात. बाहेरगावची मुले तालमीतच मुक्कामाला असतील, तर स्वयंपाक, भांडी आणि झाडलोट यांच्या पाळ्याही त्यांना वाटून दिल्या जातात.

नवीन आलेल्या मुलाला लगेच लढतीला उभे करत नाहीत. प्रथम त्याला न लागता पडायला, मान बळकट करायला आणि पवित्रा घेऊन उभे राहायला शिकवले जाते. मग पट काढणे, ढाक, घिस्सा, मोळी, कलाजंग असे डाव एकेक करून येतात. प्रत्येक डावाबरोबर त्याची तोडही शिकावी लागते. एकच डाव शेकडो वेळा घोटल्याशिवाय पुढचा मिळत नाही, असा वस्तादांचा शिरस्ता असतो.

सवयी घडण्याची प्रक्रिया

मानसशास्त्रात सवय म्हणजे एखाद्या ठरावीक संकेतानंतर फारसा विचार न करता होणारी कृती. तीच परिस्थिती, तीच कृती आणि कृतीनंतर मिळणारे समाधान यांची साखळी पुरेशा वेळा जुळली की ती कृती अंगवळणी पडते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात दिवसातून एकदा, ठरावीक प्रसंगी एखादी नवी कृती करायला सांगण्यात आले. ती कृती आपसूक होऊ लागण्यासाठी लागणाऱ्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला. व्यक्तीनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही, असेही त्यात आढळले. हा अभ्यास प्रौढांवरील असल्याने त्यातील आकडे मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही थोड्या दिवसांच्या शिबिरापेक्षा महिनोन्‌महिने चालणारा नित्यक्रम अधिक परिणामकारक का ठरतो, हे त्यावरून समजते.

तालमीची रचना या प्रक्रियेला पूरक आहे. जागा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे, आणि मातीचा वास, लंगोट लावणे, सलामी यांसारखे संकेत रोज त्याच क्रमाने येतात. ‘आज जावे की नाही’ हा प्रश्न मुलापुढे रोज नव्याने उभा राहत नाही. सोबतची मुले हजर असतात आणि आपण न गेल्यास लढतीच्या जोडीदाराची अडचण होते, याची जाणीव त्याला असते. फळ मात्र उशिरा मिळते. कालपर्यंत न निघणारा पट आज निघाला, एवढेच ते असते. पण ते मुलाच्या स्वतःच्या कष्टाचे असल्यामुळे त्याला ते स्पष्ट दिसते.

रुजणाऱ्या सवयी

*वेळ आणि झोप.* पहाटेच्या मेहनतीसाठी उठायचे तर रात्री लवकर झोपावे लागते. सकाळच्या हजेरीमुळे संध्याकाळचे जागरण आपोआप मर्यादित होते. येथे एक सवय दुसऱ्या सवयीला जन्म देते.

*शरीराची निगा.* नखे कापलेली असणे, लंगोट रोज धुणे, मेहनतीनंतर आंघोळ करणे, जखम झाकणे हे तालमीचे साधे नियम होत. लढतीत दुसऱ्याच्या अंगाला अंग लागत असल्यामुळे आपली अस्वच्छता जोडीदाराला त्रासाची ठरते, हे मुलाला लगेच समजते. घरी सांगूनही न कापली जाणारी नखे येथे मुकाट्याने कापली जातात.

*आहार.* पैलवानाच्या खाण्याला ‘खुराक’ म्हणतात. दूध, तूप, बदाम, थंडाई, केळी, कडधान्ये हे त्याचे पारंपरिक घटक होत. भरपेट खाऊन मेहनत करता येत नाही, त्यामुळे जेवणाच्या वेळा बांधल्या जातात. तंबाखू, विडी आणि मद्य यांना तालमीत पूर्ण मज्जाव असतो. ज्या वयात मुले मोठ्यांचे अनुकरण करत असतात, त्या वयात मोठ्या पैलवानांचे निर्व्यसनी वागणे त्यांच्या डोळ्यांसमोर राहते.

*रागावर ताबा.* कुस्तीत चिडलेला मल्ल तोल गमावतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या डावात सापडतो. रागाची किंमत तत्काळ आणि कोणी न रागावता मोजावी लागते. गुद्दे मारणे, चावणे, बोटे पिरगळणे हे कुस्तीत निषिद्ध आहे. जोर लावायचा, पण दुसऱ्याला इजा होऊ द्यायची नाही, हा फरक शरीराच्या पातळीवर शिकला जातो. तालमीबाहेर मारामारी करणाऱ्या मुलाला काही दिवस हौद्यात उतरू न देणे ही अनेक वस्तादांची शिक्षा असते.

*पराभव पचवणे.* सरावात प्रत्येक मूल रोज अनेकदा पडते आणि पुन्हा उभे राहते. त्यामुळे पडणे ही लाजेची गोष्ट राहत नाही. लढतीआधी आणि लढतीनंतर हात मिळवण्याची रीत आहे. चितपट झालेल्या मुलाला वस्ताद तोच डाव पुन्हा करून दाखवायला लावतात, म्हणजे हरल्याचे दुःख लगेच पुढच्या कामाकडे वळते.

*श्रमाची वाटणी.* हौदा उकरणे, पाणी मारणे, झाडणे ही कामे कोणा एकाची नसतात. आपण वापरत असलेली जागा आपणच राखायची, ही सवय त्यातून लागते. मातीत उतरल्यावर घरची श्रीमंती किंवा जात यांचे वेगळेपण दिसत नाही, असे पैलवान मानतात. प्रत्यक्ष समाजातील भेद तालमीच्या दारात नेहमीच गळून पडत होते असे नाही. तरीही निरनिराळ्या थरांतील मुलांनी एकमेकांच्या अंगाला भिडून शिकण्याच्या ज्या थोड्या जागा गावात होत्या, त्यांत तालीम मोडत असे.

वस्तादाची भूमिका

तालमीतील शिक्षणाचे यश बहुतांशी वस्तादावर अवलंबून असते. कोणत्या मुलाची कोणाशी ‘जोड’ लावायची, हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. फार भारी जोडीदार मिळाल्यास मूल धसकते आणि फार हलका मिळाल्यास ते शिकत नाही. म्हणून वय, वजन, अनुभव आणि स्वभाव पाहून जोड लावली जाते. मोठ्या पैलवानाने लहान मुलाला अंगावर घेऊन खेळवावे, मुद्दाम डाव करू द्यावा आणि चुकले तेथे अडवावे, हीसुद्धा तालमीतील जुनी पद्धत आहे. शिकवणे हे एकट्या वस्तादाचे काम न राहता मोठ्यांकडून धाकट्यांकडे वाहत राहते.

गावच्या जत्रेतील कुस्त्यांमध्येही अशीच चढण दिसते. मैदानाची सुरुवात लहान मुलांच्या कुस्त्यांनी होते आणि त्यांना रेवड्या किंवा नारळ असे इनाम दिले जाते. रोख इनामाच्या मोठ्या कुस्त्या शेवटी होतात. लहान वयात हार-जितीचे ओझे हलके ठेवण्याची ही रीत मुलांच्या दृष्टीने हिताची ठरते.

मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांचा अभ्यास करून १९९२ मध्ये ‘द रेसलर्स बॉडी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय कुस्ती हा केवळ खेळ नसून आहार, व्यायाम, संयम आणि गुरुभक्ती यांनी बांधलेली जीवनपद्धती आहे, असे त्यांनी त्यात मांडले. महाराष्ट्रातील तालमींच्या परंपरेशी या वर्णनाचे बरेच साम्य आहे.

संशोधनातील निष्कर्ष

युद्धकलांचे प्रशिक्षण आणि मुलांचे वर्तन यांविषयीचे बरेचसे संशोधन परदेशांत झालेले असून त्यात तायक्वांदो, ज्युदो, कराटे अशा प्रकारांवर भर आहे. त्यांतील तीन अभ्यास विशेष चर्चिले जातात.

मायकेल ट्रल्सन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील गुन्हेगारी प्रवृत्तीच्या किशोरवयीन मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला ध्यान, आदर व संयमाची शिकवण यांसह पारंपरिक तायक्वांदो शिकवण्यात आले, दुसऱ्या गटाला केवळ लढण्याचे तंत्र देण्यात आले, तर तिसऱ्या गटाने अन्य व्यायाम केले. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील आक्रमकता घटली होती, तर दुसऱ्या गटात गुन्हेगारीकडील कल उलट वाढला होता. सहभागी मुलांची संख्या लहान असली, तरी शिकवण्याच्या पद्धतीतील फरक या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणला.

किंबर्ली लेक्स आणि विल्यम हॉइट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका अमेरिकन शाळेतील बालवाडी ते पाचवीच्या २०७ मुलांचा समावेश होता. काही मुलांना तायक्वांदोवर आधारित प्रशिक्षण आणि इतरांना नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास देण्यात आला. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटातील मुलांत आत्मनियमन, वर्गातील वर्तन आणि तोंडी गणित यांत अधिक सुधारणा दिसली. ‘मी कुठे आहे, मी काय करत आहे आणि मी काय करायला हवे’ हे तीन प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय मुलांना लावण्यात आली होती.

याउलट नॉर्वेतील इंगर एंड्रेसन आणि डॅन ओल्व्हेयस यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. ११ ते १३ वयोगटातील ४७७ मुलग्यांचा दोन वर्षे मागोवा घेतल्यावर, मुष्टियुद्ध, कुस्ती, भारोत्तोलन आणि पौर्वात्य युद्धकला या बलप्रधान खेळांत सहभागी मुलांमध्ये खेळाबाहेरील हिंसक व समाजविघातक वर्तन वाढल्याचे आढळले. अशा प्रशिक्षणस्थळी रूढ असलेली मर्दानगीची कल्पना आणि सोबत्यांचा प्रभाव ही त्यामागची संभाव्य कारणे संशोधकांनी सुचवली.

हे निष्कर्ष वरवर परस्परविरोधी दिसतात. परंतु लढण्याचे तंत्र सवयी घडवत नाही. तंत्राभोवतीचे नियम, आदर्श आणि देखरेख त्या घडवतात, असे मानल्यास त्यांची संगती लागते. एकच पट एका मुलाला संयम शिकवू शकतो आणि दुसऱ्याला दांडगाई.

मर्यादा आणि धोके

*झोपेची कमतरता.* अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीच्या २०१६ च्या शिफारशीनुसार ६ ते १२ वयाच्या मुलांना रोज ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वयोगटाला ८ ते १० तास झोप लागते. रात्री उशिरापर्यंत अभ्यास आणि पहाटे चारला मेहनत असा दिनक्रम असल्यास लवकर उठणे ही चांगली सवय न राहता वाढत्या शरीरावरील ताण ठरते.

*अतिश्रम.* जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांनी आठवडाभरात सरासरी रोज ६० मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या कृती कराव्यात. मोठ्या पैलवानांच्या जोर-बैठकांचे आकडे लहान मुलांनी गाठणे आवश्यक नसते.

*दुखापती व संसर्ग.* सांधे मुरगळणे, मानेला मार लागणे, वारंवार घर्षणाने कानाच्या पाळीत रक्त साकळून कान कायमचा वाकडा होणे अशा दुखापती कुस्तीत होतात. मोडलेला कान पैलवानाची खूण म्हणून मिरवला जात असला, तरी वेळीच उपचार केल्यास ही विकृती बहुधा टाळता येते. अंगाला अंग लागत असल्याने गजकर्णासारखे त्वचारोग पसरतात. मातीत खरचटण्याची शक्यता असल्यामुळे धनुर्वाताची लस आवश्यक असते.

*वजन घटवणे.* वजनी गटात बसण्यासाठी उपाशी राहणे, पाणी तोडणे किंवा घाम काढणे धोकादायक आहे. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर झटपट वजन कमी करताना मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीचे वजनविषयक नियम बदलण्यात आले. वाढीच्या वयातील मुलांना अशा उपायांनी चुकीच्या आहारसवयी लागू शकतात.

*आर्थिक भार आणि शिक्षण.* खुराकाचा खर्च शेतकरी व कष्टकरी कुटुंबांना जड जातो. कुस्तीवर सर्व भिस्त ठेवून शाळा सुटल्यास आणि पुढे दुखापत झाल्यास मुलापुढे दुसरा मार्ग उरत नाही.

*शिक्षा आणि शोषण.* आज्ञापालनाची सवय आणि निमूट सोसण्याची सवय यांतील सीमारेषा तालमीत पुसट होऊ शकते. मारल्याने शिस्त लागते, ही जुनी समजूत काही ठिकाणी अजून टिकून आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ ने शाळांमध्ये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा क्रीडासंस्थांमधील बालकांनाही संरक्षण देतो. नामांकित महिला कुस्तीगिरांनी २०२३ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांवरून दिल्लीत केलेल्या आंदोलनानंतर प्रशिक्षणस्थळांच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशभर चर्चेत आला. गुरूविषयीच्या आदराबरोबरच ‘नाही’ म्हणण्याचे आणि तक्रार करण्याचे बळ मुलाला मिळणे, हाही चांगल्या प्रशिक्षणाचा भाग मानला जातो.

मुलींचा सहभाग

पारंपरिक तालमीत मुलींना प्रवेश नव्हता. मारुतीचे ब्रह्मचर्य आणि लंगोटाची कडक पथ्ये यांच्याशी जोडलेल्या समजुती त्यामागे होत्या. तालीम ज्या सवयींचा अभिमान बाळगत असे, त्यांचा लाभ निम्म्या मुलांना नाकारला जात होता. महिलांच्या कुस्तीचा समावेश २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून झाला. साक्षी मलिक यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्या ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला कुस्तीगीर ठरल्या. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व तिची विजेती प्रतीक्षा बागडी ठरली. आता कुस्ती केंद्रांमध्ये मुलीही सराव करताना दिसतात. स्वतंत्र कपडे बदलण्याची खोली आणि महिला प्रशिक्षक या सोयी त्यांच्या सहभागासाठी महत्त्वाच्या ठरतात.

बदलते स्वरूप

आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर खेळली जात असल्याने अनेक तालमींनी हौद्याशेजारी गादी अंथरली आहे. १९६१ पासून होणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात. गादीवरील लढत गुणांवर आणि मिनिटांवर चालत असल्याने चपळाईला महत्त्व आले. गादीला उकरणे लागत नाही, पण ती रोज पुसून निर्जंतुक करावी लागते. हे काम मुलांकडे राहिले, तर श्रमाच्या वाटणीची जुनी सवय नव्या रूपात टिकते. ते पगारी कामगाराकडे गेले, तर तालमीच्या शिक्षणातील एक धडा गळतो.

शहरांत कराटे, तायक्वांदो आणि ज्युदो यांचे वर्ग वाढले आहेत. त्यांतही गणवेश, अभिवादन, क्रमाक्रमाने मिळणारे पट्टे आणि शिक्षकाचा मान यांच्या आधारे सवयींची घडी बसवली जाते. आठवड्यातून दोन-तीन तास चालणाऱ्या वर्गापेक्षा तालमीचा सहवास अधिक सलग असतो. दुसऱ्या बाजूने, अशा वर्गांत पालकांचा वावर व देखरेख अधिक असू शकते. दोन्हीकडे मुलाला लागलेल्या सवयीची खरी परीक्षा बाहेर होते. वस्तादांच्या नजरेआड, शाळेच्या मैदानात कोणी ढकलले असता ते काय करते आणि सुट्टीच्या दिवशी कोणी न उठवता ते कधी उठते, यावरून तालमीचा परिणाम कळतो.

हे सुद्धा पहा

* कुस्ती
* मल्लखांब
* खाशाबा जाधव
* महाराष्ट्र केसरी
* खासबाग मैदान
* ज्युदो
* तायक्वांदो